डिझेल टर्बोला ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह लागतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. अडीच लिटरचा टर्बो डिझेल पिकअप आहे, दारव्ह्याकडून यवतमाळच्या जिनिंगला कापूस वाहता. मोबाईलवर बर्फावर चालणाऱ्या टर्बो स्नोमोबाइलचे व्हिडिओ पाहिले. रेस सोडली की त्यात ‘फिस्स’ असा आवाज येतो, तो ब्लो-ऑफ व्हॉल्व्हचा. किट विकणारा म्हणतो, हा व्हॉल्व्ह नसेल तर हवा उलटी फिरून टर्बो फोडते. त्यातच महिनाभरापासून गाडीची ओढ कमी झाली आहे आणि चढावर काळा धूर येतो. तेव्हा हा व्हॉल्व्ह पिकअपला आणि घरच्या ५५ अश्वशक्तीच्या टर्बो ट्रॅक्टरला बसवावा का, असे तुम्ही विचारता.

भाऊ, यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. व्हॉल्व्ह लागतो का, हा एक. गाडीची ओढ कुठे गेली, हा दुसरा, आणि पैसा खर्च करायचा तो या दुसऱ्यावर. पहिल्याचे उत्तर: तुमच्या दोन्ही डिझेल इंजिनांना ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह लागत नाही. बसवला तर फायदा शून्य आणि तोटा बराच. का, ते नीट समजून घ्या, म्हणजे उद्या दुसरा कोणी दुसरे किट घेऊन आला तरी तुम्हाला स्वतःला ठरवता येईल.

टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरून आत जादा हवा कोंबणारा पंखा. या व्हॉल्व्हची गरज टर्बोमुळे पडत नाही, थ्रॉटलच्या झडपेमुळे पडते. पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर एक गोल पत्रा असतो. रेस दिली की तो उघडतो, सोडली की बंद होतो. टर्बो जोरात फिरत असताना, म्हणजे मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या घेत असताना, रेस एकदम सोडली तर पुढचे दार बंद आणि मागून टर्बो हवा ढकलतोच आहे. मधल्या पाइपात कोंडलेली हवा शेवटी कॉम्प्रेसरच्या, म्हणजे टर्बोच्या हवा दाबणाऱ्या चाकाच्या, पात्यांमधूनच उलटी येते. यालाच सर्ज म्हणतात. फडफड-फडफड असा आवाज येतो, शाफ्टला पुढे-मागे धक्के बसतात आणि त्याचा मार शाफ्टला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या थ्रस्ट बेअरिंगवर पडतो. शिवाय टर्बोची गती मोडते, म्हणून पुन्हा रेस दिल्यावर दाब भरायला उशीर लागतो. ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह ही कोंडलेली हवा सोडून देतो, एवढेच त्याचे काम. दाब किती चढू द्यायचा हे त्याचे काम नाही. ते वेस्टगेटचे, आणि वेस्टगेट धुराच्या बाजूला असतो. हे दोन्ही व्हॉल्व्ह एकच समजून बोलणारे बरेच भेटतात. तिथे सावध राहा.

आता तुम्ही पाहिलेली स्नोमोबाइल. ती पेट्रोलवर चालते, डोंगरातली बरीच वाहने टू-स्ट्रोक असतात, आणि तिला टर्बो लावायचे मुख्य कारण उंची. २४०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या पाऊणपट राहतो, म्हणजे साध्या इंजिनाची पाव ताकद तिथेच जाते. स्नोमोबाइल बनवणाऱ्या स्की-डूने २०२० च्या मॉडेलमध्ये कंपनीतूनच टर्बो लावलेले टू-स्ट्रोक इंजिन दिले, तेही या उंचीसाठीच: ८००० फुटांपर्यंत १६५ अश्वशक्ती टिकावी म्हणून. आपल्याकडे नागपूर सुमारे ३१० मीटरवर आहे, चिखलदरा ११०० मीटरच्या आसपास. चिखलदऱ्यालाही हवेचा दाब जेमतेम बारा टक्के घटतो. त्यामुळे त्या यंत्राची गरज आणि आपली गरज यांचा फारसा संबंध येत नाही.

त्या वाहनात स्कूटीसारखा बेल्टचा गिअर असतो आणि रेस अंगठ्याने दाबायची असते. झाडांमधून वाट काढताना चालवणारा दर दोन-चार सेकंदांनी रेस सोडतो आणि पुन्हा पूर्ण देतो. म्हणजे झडप सारखी आपटून बंद होते, तीही टर्बो भरात असताना. तिथे व्हॉल्व्हचा उपयोग खराच आहे. तरी तिथेही ‘लागतोच’ असे सरसकट म्हणता येत नाही. दाब कमी असेल, म्हणजे ०.२५ ते ०.३ बारच्या घरात, आणि टर्बोपासून झडपेपर्यंतचा पाइप आखूड असेल, तर व्हॉल्व्हशिवायही टर्बो बरीच वर्षे काढतो. दाब अर्ध्या बारच्या वर गेला, वरून इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारी जाळी) आणि लांब पाइप आले, की मी बसवायच्या बाजूने. बसवताना व्हॉल्व्हची नळी झडपेच्या पुढून, इंजिनाच्या बाजूने आणि एकट्याची हवी. ती दुसऱ्या नळीत जोडली की व्हॉल्व्ह उशिरा उघडतो. टू-स्ट्रोकमध्ये व्हॅक्यूम कमजोर असतो, म्हणून स्प्रिंग हलकी लागते. पण फार हलकी झाली तर गाडी नुसती उभी चालू असतानाही व्हॉल्व्ह उघडा राहतो आणि फिल्टर न झालेली हवा आत ओढतो. तिथे बर्फाचा भुगा जातो, आपल्याकडे काळ्या मातीची धूळ जाईल.

पेट्रोल टर्बो कार असेल तर तिच्यात बहुधा कंपनीनेच असा व्हॉल्व्ह दिलेला असतो. फक्त तो हवा बाहेर न सोडता टर्बोच्या आधीच्या पाइपात परत देतो, म्हणून आवाज येत नाही. आवाजासाठी तो काढून बाहेर सोडणारा बसवला, आणि गाडीला हवा मोजणारा एमएएफ सेन्सर असेल, तर मोजून झालेली हवा बाहेर जाते. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, मात्र तिच्या हिशेबाने पेट्रोल टाकत राहतो. रेस सोडली की झटका, धूर, कधी सिग्नलला गाडी बंद. ज्या गाडीत फक्त मॅनिफोल्डचा, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपाचा, दाब मोजतात तिथे हा त्रास कमी असतो. म्हणून पेट्रोलचे उत्तर गाडी पाहून द्यावे लागते.

डिझेलचे तसे नाही. डिझेल इंजिनात ताकद हवेची वाट अडवून कमी करत नाहीत, डिझेल कमी टाकून करतात. पाय उचलला तरी हवेचे दार उघडेच असते आणि इंजिन पहिल्यासारखेच हवा ओढत राहते. आकड्यांत पाहा. अडीच लिटरचे फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण भरते, म्हणजे एका फेरीला सव्वा लिटर. २४०० फेऱ्यांवर मिनिटाला ३००० लिटर, सेकंदाला ५० लिटर. पाइप आणि इंटरकूलर मिळून आत जागा सहा-आठ लिटरची धरा. म्हणजे तुम्ही रेस सोडल्यावर सेकंदाच्या सहाव्या-आठव्या हिश्शात इंजिन त्या सगळ्या जागेइतकी हवा स्वतःच पिऊन टाकते. कोंडायला हवा उरतेच कुठे? त्यात धूर कमी झाल्यामुळे टर्बोला फिरवणारा जोरही त्याच क्षणी घटतो.

यावर किट विकणारा म्हणेल की बीएस-६ डिझेललाही थ्रॉटलची झडप असते. असते, खरे आहे. १ एप्रिल २०२० नंतरच्या पिकअपमध्ये तुम्हाला ती दिसेल. पण ती ईजीआरची हवा (इंजिनात परत सोडलेला थोडा धूर) ओढायला, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) जाळून साफ करायला आणि इंजिन बंद करताना धक्का बसू नये म्हणून असते. ती ईसीयू चालवतो, तुमचा पाय नव्हे, आणि भरल्या दाबावर ती आपटून बंद होत नाही.

तरीही एखाद्या डिझेलमध्ये फडफड ऐकू आली तर? रेस सोडताना एखादी हलकी ‘चुक’ येते, ती सोडून द्या. पण भर लोडवर, रेस दाबलेली असताना, मोठ्या गिअरमध्ये इंजिन दमत असताना फडफड येत असेल तर तो खरा सर्ज आहे. पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवलेल्या गाड्यांत तो जास्त दिसतो. धूर जास्त म्हणून टर्बो जोरात, पण इंजिनाच्या फेऱ्या कमी म्हणून हवा घेणारा कोणी नाही. त्या वेळी हवा सोडून देणे हा उपाय नव्हे, कारण तेव्हाच ती हवा हवी असते. एक गिअर खाली घ्या आणि पंप मूळ मापावर आणा. एअर फिल्टर चोंदला किंवा व्हीजीटी टर्बोच्या (पाती हलवून दाब सांभाळणाऱ्या टर्बोच्या) आतली पाती काजळीने अडकली तरी असा आवाज येतो.

डिझेलसाठी जे किट मिळते ते पाहिले म्हणजे बाकीचे कळेल. डिझेलमध्ये झडपेमागचा व्हॅक्यूम नसतो, म्हणून व्हॉल्व्ह आपोआप उघडूच शकत नाही. त्यासाठी रेसच्या पेडलला एक बटण, एक विजेचा सोलेनॉइड आणि दाबाच्या पाइपात कापून बसवलेला ॲल्युमिनियमचा टी देतात. म्हणजे फक्त आवाजासाठी वेगळी यंत्रणा उभी करायची. टर्बोच्या पाइपात क्रँककेसची तेलकट वाफ नेहमीच असते. ती डायाफ्रामचे रबर फुगवते किंवा कडक करते, आणि मग व्हॉल्व्ह बंद असतानाही गळू लागतो. कॉमनरेल, म्हणजे ईसीयूच्या हुकुमाने डिझेल टाकणाऱ्या, गाडीत ईसीयूला दाब कमी दिसतो, पी ०२९९ हा कमी दाबाचा कोड पडतो आणि गाडी लिंप मोडला (ताकद आपोआप कमी करण्याच्या स्थितीला) जाऊन चढावर रांगू लागते. जुन्या यांत्रिक पंपाच्या गाडीत दाब पाहून डिझेल देणारी टोपी असेल तर ओढ जाते, नसेल तर डिझेल तेवढेच आणि हवा कमी, म्हणून काळा धूर आणि तापलेले एक्झॉस्ट. आणि गाडी उभी चालू असताना टर्बोच्या पाइपात दाब जवळजवळ नसतो. गळका व्हॉल्व्ह तेव्हा एअर फिल्टरला वळसा घालून धूळ आत घेऊ शकतो. जिनिंगच्या आवारात रांगेत तास-दोन तास उभी राहणाऱ्या गाडीला हे परवडणारे नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत असे बदल करू देत नाही, आणि मालवाहू गाडीला पासिंग चुकत नाही.

आता तुमच्या खऱ्या दुखण्याकडे. ओढ कमी आणि चढावर काळा धूर, म्हणजे डिझेल जाते आहे पण हवा पुरत नाही. बहुतेक वेळा हवा कुठेतरी आधीच गळते किंवा अडते आहे. असे असताना ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह बसवणे म्हणजे गळक्या पाइपाला आणखी एक भोक पाडणे.

सुरुवात एअर फिल्टरपासून करा. कापसाच्या हंगामात आणि सोयाबीनच्या मळणीत पुस्तकातले किलोमीटर धरून चालत नाही. कागदी फिल्टर हवा मारून साफ करायचा तर दोन बारच्या आत, आतून बाहेर, आणि नोझल वीतभर लांब. टायरवाल्याकडचा सात-आठ बारचा फवारा जवळून मारला की कागदाला डोळ्यांना न दिसणारी छिद्रे पडतात. काढलेला फिल्टर आतून बल्ब लावून अंधारात पाहा. ठिपका दिसला की फेका. आत छोटा सुरक्षा फिल्टर असेल तर तो साफ करू नका, बदलाच. मग फिल्टरनंतरच्या पाइपात पांढरे फडके फिरवा. फडक्याला कोरडी माती लागली तर धूळ आत जाते आहे, आणि अशा धुळीने कॉम्प्रेसरची पाती कडेने झिजून धारदार होतात. फक्त तेलाचा पातळ थर लागला तर घाबरू नका.

नंतर टर्बो ते इंटरकूलर आणि इंटरकूलर ते मॅनिफोल्ड हे दोन्ही होस काढून हातात घ्या. गाडीवरच पाहून काही कळत नाही. फाटलेली जागा बहुधा क्लिपच्या खाली किंवा वळणाच्या आतल्या बाजूला असते. ती दाब आला तरच उघडते, म्हणून उभ्या गाडीत आवाज येत नाही. तेलाने रबर फुगून मऊ पडले असेल, थर सुटले असतील, तर होस बदला. एम-सील आणि ट्यूबची पट्टी गुंडाळून तो दोन दिवस टिकेल. साध्या स्क्रूच्या क्लिपपेक्षा टी-बोल्टची क्लिप चांगली, ती रबर कापत नाही आणि सगळीकडून सारखी आवळते.

डोळ्यांना काही सापडले नाही तर दाबाची चाचणी करा. लेथवाल्याकडून होसच्या आतल्या व्यासाचे दोन डाट कातून घ्या, कडेला उंचवटा ठेवायला सांगा म्हणजे क्लिप आवळल्यावर निसटणार नाहीत. एका डाटाला ट्युबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवा. टर्बोच्या बाहेरच्या तोंडाचा होस आणि मॅनिफोल्डच्या तोंडाचा होस काढून त्यात डाट ठोका, म्हणजे मधला सगळा मार्ग आणि इंटरकूलर बंद झाला. हवा हळूहळू एक बारपर्यंत भरा, त्याच्या वर नाही. डाटाच्या समोर उभे राहू नका. साबणाचे पाणी सांध्यांवर, होसच्या वळणांवर आणि इंटरकूलरच्या टोकांच्या टाक्यांवर टाका. इंटरकूलरच्या प्लास्टिक टाकीचा ॲल्युमिनियमशी जो दुमडलेला सांधा असतो, तिथून गळती बरेचदा सापडते. काही गळत नसेल तर हवा तोडल्यावर एक मिनिटात दाब फारसा उतरत नाही. थेट पूर्ण इंजिनावर ही चाचणी केली तर उघड्या व्हॉल्व्हांमधून सिलिंडरमध्ये आणि तिथून क्रँककेसमध्ये हवा जाते, आणि नसलेल्या गळतीचा आवाज ऐकत बसावे लागते. म्हणून दोन्हीकडे डाट.

इंटरकूलर बाहेरूनही पाहा. कापसाची रुई आणि कुटाराचा भुसा त्याच्या जाळीत नमद्यासारखा बसतो. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना अशी जाळी आतली हवा थंड करू शकत नाही, आणि गरम हवा विरळ असते. इंजिनाकडून बाहेर अशा दिशेने हलक्या दाबाने हवा किंवा पाणी मारा. प्रेशर वॉशर सरळ मारला तर पाती आडवी पडतात.

मग टर्बो. गार इंजिनावर इनलेटचा पाइप काढून शाफ्ट बोटाने हलवा. आडवा किंचित हलला तर चालतो, कारण तो तेलाच्या थरावर तरंगण्यासाठीच तसा ठेवलेला असतो. फक्त चाक कडेला घासता कामा नये. पुढे-मागे मात्र हलताना जाणवता कामा नये. जाणवला तर थ्रस्ट बेअरिंग गेले. टर्बोचा दाब आवरणाऱ्या ॲक्च्युएटरची रबरी नळी काढून तडा पाहा. साधा दाबावर चालणारा असेल तर रेग्युलेटर लावून हळूहळू हवा द्या, दांडी अडखळल्याशिवाय सरकायला हवी. दांडीचा नट फिरवून दाब वाढवून देतो असे कोणी म्हटले तर हात लावू देऊ नका. तो मोजून ठेवलेला असतो.

टर्बो खरोखर मरतो तो बहुतेक तेलामुळे. तेल गाडीच्या पुस्तकातल्याच ग्रेडचे, आणि भाराच्या गाडीला बदल वेळेआधी. लोड घेऊन आल्यावर लगेच चावी बंद करू नका, एक-दोन मिनिटे गाडी नुसती चालू ठेवा. नाहीतर तापलेल्या टर्बोत उरलेले तेल जळून कोळसा होते आणि बारीक वाट बुजते. सकाळी चालू केल्याबरोबर रेस देऊ नका, अर्धा मिनिट तेल वर चढू द्या. टर्बो बदलावा लागलाच तर तेलाचा फिल्टर आणि टर्बोला तेल नेणारी नळी दोन्ही बदला, आणि बसवण्याआधी तेलाच्या तोंडातून आत तेल ओतून चाक हाताने फिरवा. तिथल्या गॅस्केटला सिलिकॉन लावू नका. त्याचा तुटलेला तुकडा तेलाच्या भोकात बसला की नवा टर्बोही कोरडाच फिरतो.

ट्रॅक्टरचे उत्तर आणखी सोपे. तिथे हातरेस एका जागी लावून पीटीओवर रोटाव्हेटर किंवा थ्रेशर चालतो आणि गव्हर्नर स्वतः डिझेल कमी-जास्त करतो. एकदम रेस सोडण्याचा प्रसंगच कमी. जानेवारी २०२३ नंतरच्या ५० अश्वशक्तीवरच्या ट्रॅक्टरांना ट्रेम-४ चे धुराच्या प्रदूषणाचे नियम आहेत, त्यात इंजिनाचे सेन्सर आले, म्हणून दाबाच्या पाइपात कापाकापी तिथे जास्तच महाग पडेल. मळणीच्या दिवसांत प्री-क्लीनरची वाटी रोज रिकामी करा, फिल्टरच्या घरातला धूळ सोडणारा रबरी ओठ दाबून मोकळा करा, आणि थ्रेशर थांबवल्यावर ट्रॅक्टर दोन-तीन मिनिटे बिनलोड चालू द्या.

किटला ठेवलेल्या पैशातून काही घ्यायचेच असेल तर बूस्ट गेज घ्या. मॅनिफोल्डच्या दाबाच्या नळीत टी टाकून साधा काट्याचा गेज बसतो. ईसीयू सेन्सरच्या वायरला हात लावायची गरज नाही. होस नीट झाल्यावर भरल्या गाडीने ओळखीच्या एका चढावर, एकाच गिअरमध्ये, काटा कुठवर जातो ते लिहून ठेवा. पुढे त्याच चढावर तो खाली राहू लागला की धूर दिसण्याआधीच गळती कळेल.

चाचणीत दाब टिकला, फिल्टर नवा, शाफ्ट ठीक, आणि तरीही काळा धूर येत असेल तर गाडी स्कॅनरला लावा. ईजीआर व्हॉल्व्ह उघडा अडकला आहे का ते आधी पाहा, कारण तो हवेऐवजी धूरच परत इंजिनात घालतो. त्यानंतर इंजेक्टरचे रिटर्न, म्हणजे त्यातून परत येणारे डिझेल, मोजा. कोड काय आला आणि गेजवर किती दाब दिसला हे कळवा, पुढचे त्यावरून सांगता येईल.